तांबडी जीभ

“काढ जीभ!” सर ओरडले.

सर बसच्या पायरीवर बसले होते, मांडीवर एकतीस वह्यांचा गठ्ठा. समोर तीस जण उभे होते आणि त्यांच्या पुढे चाकांच्या खुर्चीत एक्स्प्रेस. ही पोरगी खुर्ची अशी पळवायची की कॉलेजच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला चिकटायची, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. आज मात्र एक्स्प्रेसला सिग्नल मिळत नव्हता.

“सर, आधी ऐका तरी.”

“काय ऐकू? तीस वह्यांत तांबडा थर दीड मीटर जाड आहे. तुझ्या वहीत अर्धा मीटर! डोंगर काय तुझ्या काळजीनं बारीक झाला?”

वर्ग खो खो हसला. एक्स्प्रेसही हसली असती, पण तिचं लक्ष सरांच्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे होतं. सहलीच्या वहीवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. गेल्या वर्षी सरांनी तिला प्रयोगशाळेत दगडांच्या खोक्यांपुढे बसवलं आणि शेवटी सही नाकारली. अख्खं वर्ष पाण्यात गेलं. यंदा प्राचार्यांनी मध्ये पडून तिला सहलीला धाडलं, तेव्हा सर म्हणाले, “येऊ दे की! पण भूगर्भशास्त्र पायांनी शिकायचं असतं. जो थरापर्यंत पोचेल त्यालाच सही.” म्हणजे बसमध्ये जागा होती, परीक्षेत नव्हती.

थर गाठल्याचा पुरावाही सरांनी जगावेगळा शोधला होता. तांबडा थर म्हणजे दोन काळ्या कातळांमध्ये दबलेली जुनी माती. खरी असेल तर जिभेला चिकटते आणि जीभ रंगवून सोडते. पहिल्याच तासाला सर हे स्वतःची जीभ बाहेर काढून सांगत, आणि पुढचं वर्षभर पोरं त्यांची नक्कल करत.

सकाळी तीस जण डोंगर चढायला गेले. सर खालीच राहिले. “या पोरीपाशी कुणीतरी थांबायला नको का?” असं चारचौघांत ऐकवलं, बसच्या सावलीत बसले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. ड्रायव्हरकाका एक्स्प्रेसच्या कानाशी येऊन म्हणाले, “गेल्या साली सामान राखायला थांबले होते. त्याच्या आदल्या साली पोट बिघडलं होतं.” बसमध्ये सकाळपासून दुखण्यावरच्या मलमाचा वास येत होता, तो कुणाचा ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

एक्स्प्रेस गप्प बसणाऱ्यांतली थोडीच! रस्ता नुकताच रुंद केला होता, त्यासाठी डोंगराची कड सरळ कापली होती. पन्नासएक पावलांवर वळण होतं. ती खुर्ची घेऊन तिथवर गेली, आणि बघते तर काय, काळ्या कातळांच्या मधोमध तांबडा पट्टा! उभ्या माणसाच्या कमरेशी, तिच्या बरोबर नाकासमोर. तिनं टेप लावून तो मोजला, वहीत काढला आणि मग इकडेतिकडे बघून जीभ लावली.

“काढतेस ना जीभ?” सर म्हणाले.

तिनं काढली. लालभडक.

“गोळी खाल्लीस!”

“गोळी अशी चिकटत नाही, सर. जीभ थरावरून सुटता सुटेना. विचारा काकांना.”

“खरंय,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “मी तर पाण्याची बाटली घेऊन पळालो.”

सर इरेला पेटले. “रस्त्यावरचं काहीतरी चाटून आलीस आणि मला शिकवतेस? खरा रंग दाखवतो तुला. चला रे, एकेक जण पुढे या. काढा जिभा!”

पुढे कुणी येईना. सरांनी डोळे वटारले तेव्हा रांग हलली. पहिली जीभ गुलाबी. दुसरीही गुलाबी. तिसरी पांढरट. सातवी नारिंगी निघाली आणि सरांच्या जिवात जीव आला, पण ती संत्र्याच्या गोळीची होती. रस्त्यानं जाणारा एक स्कूटरवाला हे दृश्य बघायला थांबला, तो थांबलाच. तीस जिभा झाल्या. तांबडी एकही नव्हती.

“थर कुठाय?” सरांचा आवाज बसला होता.

वर्गप्रमुख जीभ आत घेऊन म्हणाला, “सर, तो सिमेंटखाली गेलाय. दरड कोसळू नये म्हणून वरचा अख्खा कडा लिंपलाय.”

“मग हे दीड मीटर?”

“ते मागच्या बॅचच्या वहीतलं. त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं उतरवलं होतं. वह्या जुळल्या की तुम्ही जिभा बघत नाही. सिमेंटवर चार वर्षांपूर्वीची तारीख आहे, सर. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेलच.”

एक्स्प्रेसला राहवेना. “सर, मग तुम्हाला कसं माहीत नाही?”

सरांनी एकदा डोंगराकडे बघितलं. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक वही काढली आणि सही केली. एक्स्प्रेसनं मान उंचावून नाव वाचलं. तिचंच होतं! तिचे डोळे भरून आले.

उरलेल्या तीस वह्या सरांनी पायरीवर ठेवल्या. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते उठले, तरी तोंडातून “आई गं” निघालंच. मलमाचा वास एक्स्प्रेसच्या अगदी जवळ आला.

“त्या तुझ्या थराला चढ आहे का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही सर. माझी खुर्ची जाते.”

“मग माझे गुडघेही जातील,” सर म्हणाले. “चल, दाखव.”