मधली सीट

“लिहून दे,” दादाराव म्हणाले.

सौरभ हसला. पांढुर्ण्याच्या या शोरूममध्ये तो दोन वर्षांपासून गाड्या विकत होता. गिऱ्हाईक रंग विचारायचं, अॅव्हरेज विचारायचं, सीट कव्हर फुकट मागायचं. लिहून कोणी मागितलं नव्हतं.

“काय लिहून देऊ, काकाजी?”

“तू आता बोलला नं, ह्या गाडीले पाच तारे हायेत. ठोकून पाहिली, अंदरचा माणूस वाचते. तेच लिही. खाली सही कर.”

“पेपरात आलं हाय जी ते. साऱ्या दुनियेले माहीत हाय.”

“दुनियेचं जाऊ दे. मले पायजे.”

२०२२ चा दसरा पाच दिवसांवर आला होता. शोरूम गच्च भरली होती. यंदा दीक्षाभूमीला घरच्या गाडीनं जायचं, हे थोरल्या अंकुशनं नगरपालिकेतल्या दोस्तांना कधीच सांगून टाकलं होतं. तो बापाच्या कानाशी आला.

“बाबा, लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. मी का चोरी करून राहिलो?”

दादाराव तिगावजवळच्या रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं गेटमन होते. फाटक लावलं की स्टेशन मास्तरला फोनवर खुणेचा नंबर द्यायचा, मास्तरनं तो वहीत लिहून घ्यायचा, मगच सिग्नल. नुसतं ‘बंद केलं साहेब’ तिथं चालत नसे. त्यांनी हे सौरभला सांगितलं. दोनदा सांगितलं.

“काकाजी, गाडी घेऊन राहिले का मालगाडी पास करून राहिले?”

आजूबाजूचे हसले. दादारावांची कानशिलं तापली.

“माह्या फाटकावर एकतीस वर्षांत बकरी नाही मेली, बाबू. आन् तू मले दात दाखवतं?”

सौरभ मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आला. “साहेब म्हणते, लिहून द्याची पद्धत नाही.”

“आन् बोलाची पद्धत हाय?”

या वेळी कोणी हसलं नाही. सौरभनं आवाज खाली आणला. “ते तारे वरच्या मॉडेलचे होय, काकाजी. ठोकून तेच पाहिलं होतं. त्याच्यात सहा एअरबॅगा हायेत, याच्यात दोन. पण याच्यात मोठा स्क्रीन लावून देतो नं.”

“स्क्रीनवर डोकं आपटाचं का? वरचं दाखव.”

“बाबा, ते महाग हाय,” अंकुश म्हणाला.

“असू दे.”

वरचं मॉडेल कोपऱ्यात उभं होतं. दादारावांनी खिशातून घडी केलेला कागद आणि पेन काढलं. एकेक गोष्ट सौरभकडून वदवून घेतली, पुस्तिकेत बोट ठेवून वाचून घेतली, मग खूण केली. एअरबॅगा सहा. ब्रेक लावल्यावर चाक घसरू न देणारी यंत्रणा. वळणावर गाडी सावरणारी दुसरी. पुढचे पट्टे दोन्ही. मागचे पट्टे दोन्ही. हे दोन्ही त्यांनी हातानं हिसका देऊन पाहिले. हिसका दिला की पट्टा अडत होता. सौरभच्या कपाळावर घाम आला होता, आणि दादारावांना ते बरं वाटत होतं.

“आता सारे बसून तं पाहा,” सौरभ म्हणाला.

कोणी कुठं बसायचं ते कोणाला सांगावं लागलं नाही. अंकुश स्टिअरिंगवर, दादाराव त्याच्या बाजूला. मागं एका खिडकीशी धाकटा गौतम, दुसऱ्या खिडकीशी अंकुशची बायको पल्लवी. दीर-भावजयीच्या मध्ये दादारावांची बायको शोभाबाई. पट्टे लागल्याचे आवाज आले. खट्, खट्, खट्, खट्.

शोभाबाईंचा हात सीटच्या फटीत काहीतरी शोधत होता.

“माहा कुठं हाय?”

“काकूजी, मधात नुसता कमरेचा येते,” सौरभ म्हणाला. “सीटखाली दबला असन. तसा तिथं कोणी लावतच नाही.”

“काऊन? मधातल्या माणसाले मार लागत नाही का?”

दादाराव गर्रकन वळले. “हे अगोदर काऊन नाही सांगतलं बे? इतकं खोदून खोदून इचारून राहिलो मी...”

“त्याच्यावर नोका भडकू,” शोभाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून गौतमनं मोबाइल खाली ठेवला. “मागचे पट्टे दोन्ही, असं तुमीच मोजले. तुमीच खूण केली. मागं बसते किती जण?”

दादारावांनी हातातल्या कागदावरची खूण पाहिली.

“जीप असो, आटो असो, मधात कोण बसते? तीस वर्षं झाले, कोण बसते?”

“अवो, ध्यानात नाही आलं.”

“बकरी आली ध्यानात.”

पल्लवी खिडकीबाहेर बघू लागली.

“उतरा,” शोभाबाई म्हणाल्या.

“काय?”

“खाली उतरा. अन् इथं बसून पाहा.”

दादाराव उतरले. गौतम बाहेर आला, शोभाबाई बाहेर आल्या. त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, पट्टा ओढला आणि पहिल्याच झटक्यात लावला. दादाराव वाकून मागं शिरले. सासरा शेजारी येतोय म्हणून पल्लवी ओढणी सावरून दाराला चिकटली. गौतमनं परत खिडकीशी बसून दार ओढून घेतलं. पायाखाली मधोमध उंचवटा होता, त्यामुळं दादारावांचे गुडघे पोटाशी आले.

सौरभनं खिडकीतून डोकं आत घातलं. “मंग काकाजी, फायनल करू?”

दादारावांच्या समोर सीट नव्हती. पुढच्या दोन सीटांच्या फटीतून सरळ काच दिसत होती. त्यांनी हात पुढं केला. धरायला काहीच नव्हतं.