लोकधून

जुन्या राजदरबारांतलं संगीत असो, आजच्या संगीतकाराची डोकं फिरवणारी रचना असो, की लोकवादकांच्या ताफ्यातलं नाचाचं गाणं असो, 'बॅसून' हे खांद्याएवढ्या उंचीचं, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य तिने सगळीकडे वाजवलं होतं. म्हणूनच या नव्या रचनेसाठी तिला मुद्दाम बोलावलं होतं. तालमीत स्वरलिपी समोर आली, तिने वाजवायला घेतलं, आणि चौथ्या ओळीला डोळ्यांनी वाचण्याआधीच तिची बोटं पुढचे स्वर वाजवू लागली. ती थांबली.

"ही धून कुठून आणलीत?" तिने संगीतकाराला विचारलं.

"सुचली."

"सुचली? मागच्या दौऱ्यात चहाच्या सुट्टीत मी वाजवत होते. शेजारी उभे राहून तुम्ही ती पुन्हा वाजवायला लावलीत."

सगळे वादक वळून बघू लागले. संगीतकार कसनुसा हसला. "अहो बाई, लोकधून आहे ती. कुणाच्या बापाची नाही! चला पुढे, उद्या कार्यक्रम आहे."

तिने वाद्याचे भाग सुटे केले, पेटीत ठेवले आणि झाकण खाडकन लावलं.

"बापाची नाहीच," ती म्हणाली. "बाप आम्हाला टाकून गेला, तेव्हा मला झोपवताना आईने रचली ती. अजून जिवंत आहे माझी आई. उद्या पहिल्या रांगेत तिला घेऊन बसते. तिच्या तोंडावर सांगा, सुचली म्हणून."