चित्रापुरतं कुंकू

गोवा मुक्तीनंतर साखळी गावच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कृष्णनाथ मास्तरांना एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन चित्रकाराचं वेड होतं. तो घरातली साधी माणसं रंगवायचा. तसंच चित्र काढायचं म्हणून मास्तरांनी आपल्या विधवा वयनींना आरशापुढं बसवलं. "चित्रापुरतं कुंकू लावा. केसांत अबोलीचा वळेसर माळा."

रोज बसताना वयनी विचारायच्या, "भावजी, अजून बरंच राहिलंय ना?"

बिचाऱ्या कंटाळल्या, असं समजून मास्तरांनी पंधरा दिवसांचं काम आठवड्यात उरकलं. सही ठोकली आणि कुंकू पुसायला ओलं फडकं पुढं केलं.

वयनी फडक्याकडं न बघता चित्रापाशी गेल्या.

"भावजी, नीट बघा तरी. कुठं काय राहिलं असेल."

मास्तरांना फडकं धरलेला हात पुढंही नेता येईना, मागंही घेता येईना.