मदतीला पात्र

देणगीदार कंपनीचे साहेब येणार म्हणून यमुनामावशींनी सकाळीच बांधकाम मजुरांच्या सगळ्या पोरांना आंघोळी घातल्या, तेल लावून भांग पाडले. आमच्या पाळणाघराचं अनुदान या भेटीवर ठरणार होतं.

साहेब खोलीभर नजर फिरवून म्हणाले, “मॅडम, ही मुलं गरजू वाटत नाहीत हो. फोटोत काय दाखवू?”

“पाहुण्यांपुढं शेंबडी पोरं बसवायची काय?” यमुनामावशी माझ्याजवळ पुटपुटल्या.

तेवढ्यात साहेबांना कोपऱ्यात हवी ती पोर सापडली. विस्कटलेले केस, वाहतं नाक, उलटा फ्रॉक. त्यांनी तिला उचलून फोटो काढून घेतला.

“हिची आई कुठल्या साइटवर असते?”

त्यांच्याच प्रस्तावाचे कागद जमवताना मला स्वतःच्या लेकीकडे बघायला सवड झाली नव्हती.

“इथंच असते,” मी म्हटलं आणि तिचं नाक पुसायला हात पुढे केला.

“राहू द्या, अजून एक काढू,” साहेब म्हणाले.