बेलची बॅटरी

"अहो, तुमची बेल संपावर गेलीय का? ठोठावून हात दुखले!" शेजारीण दारातूनच करवादली. घरातल्या सुनेने बेल उघडली, तर आत बॅटरीच नाही. गेल्या आठवड्यात डॉक्टर तिला म्हणाले होते, "औषधाने तुमच्या पोटातल्या कॅन्सरच्या पेशी म्हाताऱ्या होऊन निपचित पडल्यात. वाढत नाहीत, पण मेलेल्याही नाहीत. क्वचित एखादी जागी होते, म्हणून तपासणी चुकवू नका." तेव्हापासून अख्खं घर कुजबुजत बोले. नवरा रेडिओ लावेना, सासूबाई चपला हातात घेऊन चालत. पेशींना कान नसतात, सगळ्यांना माहीत होतं; तरी भांडं पडलं की नजरा तिच्या पोटाकडे जात. बॅटरी सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत सापडली. तिने ती बसवली, बटणाकडे बोट नेलं. मागून सासूबाईंनी तिचा हात धरला. "नको गं पोरी. जागी झाली एखादी, तर तू मरशील."