निर्वैर गावाचं गाऱ्हाणं

"काजूवरून पडलात म्हणे," हरिहर म्हणाला.

"व्हय," विठू म्हणाला. त्याचा उजवा खांदा मानेपर्यंत पट्ट्यांनी बांधलेला होता.

"आणि झाडाच्या हातात कोयती होती?"

विठूची बायको गोदा कोकमाचं सरबत घेऊन आली आणि काही ऐकलंच नसल्यासारखं तिने पेला पुढे केला. हरिहरला हसू आलं. खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं, पण तेवढीही अक्कल या लोकांना नव्हती. कोयती धाकट्या भावाने, बाबल्याने मारली हे रत्नागिरीच्या बाजारातल्या मासेवालीलाही ठाऊक होतं. इथे मात्र डॉक्टरांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना काजूचं झाड दाखवलं जात होतं.

प्राध्यापक हरिहर मराठे म्हणजे हिंसेच्या सामाजिक कारणांचे मोठे जाणकार. माणूस माणसाच्या अंगावर का जातो यावर ते रत्नागिरीत बसून दिल्लीशी बोलायचे आणि दिल्लीत जाऊन रत्नागिरीविषयी. आंबेकोंड हे त्यांचं लाडकं गाव. घरोघरी भाऊबंदकी, पण कुणी कुणावर हात उगारलेला नाही, असं गाव त्यांनी शोधून काढलं होतं. गेल्या वर्षी घरोघर बसून त्यांनी माणसांना बोलतं केलं. प्रत्येकाला वेगळं गाठायचं आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं, ही त्यांची खास पद्धत. एकत्र बसवलं की माणसं खोटं बोलतात, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. त्यातून 'निर्वैर गाव' नावाचं जाडजूड पुस्तक झालं. ते छापायला गेलं आणि इकडे बाबल्याने कोयती उचलली.

गावंढळांना काळवेळ कळत नाही, दुसरं काय?

प्रकाशनाला दिल्लीहून मंडळी यायची होती. त्यांच्यापुढे आता विठूचा खांदा ठेवायचा की काय? हरिहरची झोप उडाली होती. वाट एकच उरली होती. गाव मुळात शांतच, बाहेरून कुणीतरी येऊन आग लावली, एवढं दाखवता आलं तर पुस्तक वाचणार होतं. वर एक झणझणीत प्रकरणही मिळणार होतं.

"बाबल्या दारू पितो?"

"नाय."

"जमिनीवरून काही?"

"वाटणी आमच्या बापानंच करून दिली. मधला दगडांचा गडगासुदा आमी दोघांनी मिळून घातला."

"मग मुंबईचं कुणी आलं होतं? पुढारी? दलाल?"

विठूने मान खाली घातली. गोदा मात्र उंबऱ्यात थांबली.

"बाहेरचा मानूस आला व्हता," ती म्हणाली.

"गोदा," विठू हळूच म्हणाला.

"कशाला लपवू? गोड बोलायचा. दोनी घरांत ऊठबस करायचा. तो गेला नि ह्या दोघांचं बोलनं बंद झालं."

हरिहरने पेला खाली ठेवला. त्याला तिला मिठीच मारावीशी वाटली, पण बाई कळकट होती. दलालच असणार. आरे-वारेच्या किनाऱ्याकडे जागांचे भाव चढल्यापासून हे लोक गावोगाव फिरत होते आणि सख्ख्या भावांना फोडून सह्या घेत होते. बाहेरची ताकद, भोळा समाज, तुटलेली नाती. प्रकरणाचं शेवटचं वाक्यसुद्धा त्याला सुचलं.

"त्याचं नाव सांगा."

"घरात नाय सांगायचं," विठू म्हणाला. "एकाच्या पाठी दुसऱ्याशी बोलू नये, आमची रीत हाय. काय आसल तां देवळात, भाऊ समोर उभा करून. आज गावकर देवाला गाऱ्हानं घालनार हायत. तुमी पन या, सर. तुमी यायलाच हवं."

रीत! आपल्या पुस्तकात हरिहरने या रितीला एक तळटीप दिली होती, तीही हसत हसत. पण नाव हवं तर जायला हवं होतं. शिवाय असा मान कुणाला नको असतो?

देवळात सगळा गाव जमला होता. एका खांबाजवळ बाबल्या उभा होता, दाढी वाढलेली, मान खाली. विठू दुसऱ्या खांबाला टेकला. हरिहरला लोकांनी वाट करून दिली आणि अगदी पुढे, देवासमोर उभं केलं. त्याने मोबाईलवर चित्रण सुरू केलं. गावाचे मानकरी, म्हातारे गावकर देवापुढे नारळ ठेवून हात जोडून उभे राहिले.

"बा म्हाराजा, आज तुजी लेकरां तुज्या पायाशी आली हायत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

हरिहरनेही आवाज मिसळला. संशोधक लोकांत कसा विरघळतो हे चित्रणात छान दिसलं असतं.

"भायरून येवन ज्यानं ह्या भावाभावांत विष कालवलान, त्याचा डाव त्याच्यावरच उलटू दे."

"व्हय म्हाराजा." हरिहरचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"त्याच्या शब्दाला कुनाच्या दारात किंमत ठेवू नको."

"व्हय म्हाराजा."

आता नाव येणार. हरिहरने घाईघाईने मोबाईल बाबल्याच्या चेहऱ्याकडे वळवला. नाव ऐकताना या अडाण्याचा चेहरा कसा होतो ते टिपायला हवं होतं. बाबल्या रडत होता. चौकट नीट जमेना, म्हणून हरिहर एक पाऊल मागे सरला. गावकरांचा आवाज चढला.

"ज्यानं विठूला वेगळा नि बाबल्याला वेगळा बसवलान, एकाचं बोलनं मोबाईलात भरून दुसऱ्याला ऐकवलान, त्याला तू आज त्याच्याच पायानं तुज्या दारात आनलंस, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हरिहर ठणठणीत आवाजात म्हणाला, आणि या वेळी देवळात त्याच्या एकट्याचाच आवाज घुमला.