शुक्रवारी पाच वाजेपर्यंत

जागा मिळाली. तसं पत्रच आलं, मंगळवारी सकाळी, नाट्यविद्यालयाच्या शिक्क्यासकट. आईने ते जिन्यातच उभ्या उभ्या दोनदा वाचलं. शेवटची ओळ तिसऱ्यांदा वाचली. मग घडी घातली, पर्समध्ये सारलं आणि वर येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचा प्रश्न सुटला.

घरच्यांसाठी मात्र पत्र आलंच नाही.

"टपाल आलं का गं?" लेकीने ओले केस पुसत विचारलं.

"चष्म्याच्या दुकानाची जाहिरात."

"बस, तेवढंच?"

"दोन चष्म्यांवर एक डबी फुकट."

लेक टॉवेल झटकत आत गेली.

अठरा दिवस घर असं टांगणीला लागलं होतं. जागा चौदा, आणि प्रतीक्षायादीत पहिला नंबर. आजोबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की आमच्याकडे पहिला नंबर आला. कशात, ते सांगितलं नव्हतं. लोक अभिनंदन करायला आले, त्यांना चहा पाजावा लागला.

बाबा बस चालवायचे, त्यामुळे त्यांना जगातलं सगळं बसमधून दिसायचं. "वेटिंगवर पहिला म्हणजे काय," रात्री जेवताना ते म्हणाले, "भरलेल्या गाडीच्या दारात उभा राहिलेला माणूस. आतला कोणी उतरला तर याला जागा. आणि चांगली बसायला जागा मिळालेली असताना उतरतंय कोण?"

"एखाद्याला उतरावंसं वाटतं, बाबा," लेक ताटात बघत म्हणाली.

"बावीस वर्षं गाडी चालवतोय. कोणी उतरत नाही."

आईने त्यांना आणखी भात वाढला.

ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, नळच नाही. सगळ्यांना तिचं एकच उत्तर असायचं, आणि ते ती इतक्या जिव्हाळ्याने द्यायची की लोक आभार मानून परत जायचे. बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या त्या नाटकाच्या शाळेचं काय झालं?"

"नोंद झाली आहे."

साहेब हसले. "मग गेलंच ते."

पत्रात मुदत दिली होती. शुक्रवारी पाचपर्यंत स्वतः येऊन सही केली नाही, तर जागा यादीतल्या दुसऱ्या नंबराला. आईने ते पत्र बुधवारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

गुरुवारी ती कपडे ठेवायला लेकीच्या खोलीत गेली. कपाटावरची मोठी बॅग, पंधरा दिवसांपूर्वी ठासून भरलेली, रिकामी होऊन भिंतीला टेकली होती. कपडे आपापल्या खणात परत गेले होते.

"बॅग का गं रिकामी केलीस?"

"चुरगळत होते सगळे."

"इस्त्री करून पुन्हा भरायचे."

"बघू." लेकीने पुस्तक मिटलं. "चल ना, तो स्टेशनवरचा प्रवेश एकदा म्हणू."

परीक्षेत करायचा होता तोच प्रवेश. लेक गाडी चुकलेली बाई झाली, आई तिकीट खिडकीवरची कारकून. आईला पुस्तक लागलं नाही. ठरलेल्या वाक्याला लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी वेळेवर. इतक्या वेळेवर पाणी शहरात कुठल्याच नळाला येत नाही, हे आईला नोकरीमुळे नीट ठाऊक होतं. अशी पोरगी शंभरांत एखादी निघते, हेही तिला ठाऊक होतं.

प्रवेश संपला तरी लेकीचं पाणी थांबेना. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "पत्र येईल बघ. आलं की विचार करत बसायचं नाही. सरळ जाऊन सही करायची."

"आणि नाही आलं तर?"

"येईल."

"तुला काय माहीत?"

"वाटतं मला."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "झोप आता. रडून रडून दुधी भोपळ्यासारखं तोंड झालंय."

शुक्रवारी सकाळी बाबा बूट घालताना म्हणाले, "आजही आलं नाही तर सोडा नाद. तसंही माणूस गेलं की घर खायला उठतं." आजोबा म्हणाले, "मग गल्लीला मी काय सांगू?"

आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साडेचारला ती नाट्यविद्यालयाच्या खिडकीसमोर उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती तक्रार घेऊन खिडकीच्या या बाजूला होती. आतल्या कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला.

"सही करायला आलात? पत्र द्या."

"सही नाही. अर्ज आहे."

त्याने अर्ज वाचला. कान खाजवला. पुन्हा वाचला.

"बाई, हे नियमात बसत नाही. असा अर्ज आजवर कोणी केलेला नाही."

"मान्य आहे."

"वरती पाठवला तरी कोणी मंजूर करणार नाही."

"माझ्या खिडकीवर असे रोज येतात."

"मग तुम्ही काय करता त्यांचं?"

"नोंद."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजायचेत अजून. उगाच कशाला, नुसती सही करून मोकळ्या व्हा की."

"शिक्का मारा," आई म्हणाली.

त्याने मारला.

मा. प्राचार्य यांस,

विषय : उमेदवार क्रमांक बारा हिची माघार नामंजूर करण्याबाबत.

महोदय, आपले पत्र मिळाले. उमेदवार क्रमांक बारा हिने माघार घेतल्याने रिकामी झालेली जागा प्रतीक्षायादीतील पहिल्या उमेदवारास देत आहोत, असे त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे. उमेदवार क्रमांक बारा ही माझी मुलगी आहे. तिने हे मला न विचारता केले आहे. तरी तिची माघार आपल्याकडे आलीच नाही असे समजून तिची जागा तिला परत द्यावी, आणि प्रतीक्षायादीतील पहिल्या उमेदवारास, म्हणजे मला, वय वर्षे त्रेचाळीस, आहे तिथेच कायम ठेवावे, ही नम्र विनंती.